दोर ऐकायची पाच मिनिटं

ठमीला पाचवा महिना लागला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी मला सांगितलं, आता तो तक्ता बंद करा. जन्मली तेव्हा ती मुठीएवढी होती, म्हणून किती वेळ प्यायली आणि किती लंगोट ओले झाले हे दर खेपेला लिहायला त्यांनीच लावलं होतं. आत किती गेलं, बाहेर किती आलं. पुढे मुलीने बाळसं धरलं, गाल वर आले, तरी मी लिहीतच राहिले. नवरा म्हणायचा, हिच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा तू मांडवात कागद-पेन घेऊन उभी राहशील.

त्याच सवयीने मला गाडीचे दिवे दिसले.

आमची गाडी म्हणजे टोचनगाडी. रस्त्यात बंद पडलेली, कडेच्या खड्ड्यात उतरलेली, ठोकलेली वाहनं ओढून आणायची. मागे विजेवर चालणारं विंच, म्हणजे पोलादी दोर गुंडाळणारं रीळ, आणि टपावर गरगर फिरणारे पिवळे दिवे. आमचं घर गॅरेजच्या वरच्या मजल्यावर आहे. ओट्याशी उभी राहिले की खिडकीतून बरोबर तो टप दिसतो. गाडी संध्याकाळी आत आली की नवरा दिवे बंद करायच्या आधी दोन मिनिटं तरी ते फिरत असतात. एका दिवशी ते पिवळेधमक असायचे, दुसऱ्या दिवशी तांबूस आणि दमलेले, म्हाताऱ्या माणसाने जिना चढावा तसे फिरणारे. मी ठमीच्या तक्त्याच्या कडेला आणखी एक रकाना आखला: दिवे कसे, आणि त्या दिवशी कामं किती. तीन आठवड्यांनी तो सलग वाचला. ज्या दिवशी दोन-तीन कामं, त्या दिवशी दिवे लख्ख. ज्या दिवशी चार, त्या दिवशी मंद. एकदाही चुकलं नव्हतं.

नवऱ्याचं काम रस्त्याकडे पाठ करून चालतं. वाकून आकडा अडकवायचा, दोर लावायचा, मागून वाहनं सुसाट जात असतात. त्याच्या पाठीला डोळे नाहीत. मागून येणाऱ्याने ते दिवे लांबून पाहायचे आणि बाजूला व्हायचं, एवढ्या भरवशावर तो उभा असतो. आणि येत्या सोमवारपासून गाडी मोठ्या बोगद्याच्या तोंडाशी तैनात राहणार होती. बोगद्यात काही बंद पडलं की हा आत जाणार. तिथे रस्त्याला कड नाही, उडी मारायला जागा नाही. दोन्ही बाजूंना भिंत.

जेवताना मी रकाना पुढे ठेवला. सासरे आधी चष्मा शोधू लागले, मग तो डोक्यावरच सापडला. त्यांनी कागद उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, यात गाडीने किती लंगोट ओले केले ते कुठे लिहिलंय. नवरा हसला. मी हसले नाही, तेव्हा तोही थांबला.

"रात्रभर चार्जरला लावतो, सकाळी एका सेल्फमध्ये सुरू होते की," तो म्हणाला. "बॅटरी खराब असती तर झाली असती का?"

मी म्हटलं, सकाळचं मला माहीत नाही, मी संध्याकाळचं सांगतेय.

सासऱ्यांनी घास खाली ठेवला. चाळीस वर्षं त्यांनी हेच काम केलेलं. म्हणाले, "आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? डायनामो कमी पडत असेल. करंटला बोलवा."

करंट म्हणजे करंटकाका, गाड्यांच्या वायरिंगचं काम करणारे सासऱ्यांचे जुने दोस्त. अल्टरनेटरला, म्हणजे इंजिन फिरताना बॅटरी भरणाऱ्या यंत्राला, सासरे अजून डायनामोच म्हणतात आणि काका दर वेळी सुधारतात, म्हणून तर बहुतेक म्हणतात. गुरुवारी सकाळी काका आले. खिशातून त्यांनी खेकड्याच्या नांगीसारखं एक यंत्र काढलं, बॅटरीपासून विंचकडे जाणाऱ्या, अंगठ्याएवढ्या जाड केबलभोवती ती नांगी मिटवली आणि नवऱ्याला विंच चालू करायला सांगितलं. दोराचं दुसरं टोक भरलेल्या टेम्पोला बांधलं होतं. मी ठमीला कडेवर घेऊन काकांच्या खांद्यावरून पाहत होते. यंत्रावरचा आकडा उठला तो थेट एकशे नव्वदवर गेला.

मी पदवीला भौतिकशास्त्र घेतलं होतं. ओमचा नियम पाठ करून पैकीच्या पैकी मार्क मिळवले होते. प्रयोगशाळेत आमच्या काट्याने कधी दोन अँपिअर ओलांडले नव्हते आणि दोन झाले तरी सर ओरडायचे. इथे माझ्यापासून हातभर अंतरावर, काळ्या रबराच्या आत, एकशे नव्वद चालले होते, आणि केबल हलतसुद्धा नव्हती. टेम्पो मात्र ब्रेक दाबलेला असूनही आमच्याकडे सरकत होता. माझ्या अंगावर काटा आला. मी काकांना विचारलं, हे यंत्र तारेला न शिवता कसं ओळखतं?

"शिवायचं नाही, नुसती मिठी मारायची," काका म्हणाले. "आत काय चाललंय ते मिठीत कळतं. बायकोच्या बाबतीत मला जमलं नाही, तारेच्या बाबतीत जमतं."

मग त्यांनी भिंतीवर खडूने हिशेब मांडला. अल्टरनेटर पासष्ट अँपिअरचा. टपावरचे आणि मागचे दिवे मिळून अठरा खातात. विंच दोनशेच्या घरात. शेवटी त्यांनी खडू झटकला आणि एकशेतीसचा अल्टरनेटर लावा म्हणाले. शनिवारी संध्याकाळपर्यंत सांगितलंत तर रविवारी बसवून देतो, सोमवारी बोगद्यात.

सगळ्यांना पटलं. मला सगळ्यात आधी पटायला हवं होतं. धास्तावलेल्या माणसाला मोठी वस्तू नेहमीच आवडते. पण भिंतीवरच्या आकड्यांतून चौथ्या कामाचं कोडं सुटत नव्हतं. काका मोजत होते तेव्हा इंजिन चालू होतं आणि दिवे अजिबात मंद झाले नव्हते. मी तसं म्हणाले. काका म्हणाले, रस्त्यावर वेगळं असतं. मी म्हटलं, मग रस्त्यावर मोजू या.

"सून मीटर घेऊन निघाली," सासरे ठमीला म्हणाले. "आता तुझ्या आजोबांना नोकरी लागली बघ."

शुक्रवारी मी ठमीला पहिल्यांदाच सलग पाच तास सोडलं. सासऱ्यांना मी काय काय सांगितलं असेल ते लिहिण्यात अर्थ नाही. शेवटी त्यांनी माझ्या हातून कागद काढून घेतला आणि म्हणाले, हिच्या बापाला मी वाढवलंय, तोही जिवंत आहे, जा आता.

काकांनी मला ती नांगी आणि विजेचा दाब, म्हणजे व्होल्ट, दाखवणारा एक छोटा मीटर दिला होता. पहिल्या दोन कामांना काहीच घडलं नाही. तिसऱ्या कामाला एक मालवाहू रिक्षा होती, तिचं चाक गळून पडलं होतं. चौथं काम दुपारी तीनला आलं. सिमेंटच्या पोत्यांनी भरलेला टेम्पो वळणावर रस्त्याखाली दोन पुरुष खोल उतरला होता. ड्रायव्हर वर येऊन कडेच्या दगडावर बसला होता. लागलं काही नव्हतं. नवऱ्याने त्याला पाण्याची बाटली दिली आणि मला लोखंडी कठड्याच्या आतल्या बाजूला उभं केलं. बॅटरीची पेटी त्याच बाजूला होती. मी केबलला नांगीची मिठी घातली.

मग नवरा खाली उतरला, आकडा लावला, वर आला. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की मघापासून आजूबाजूला शांत आहे. आल्या आल्याच त्याने इंजिन बंद केलं होतं. आधीच्या तिन्ही वेळांना केलं होतं. मी पाहिलं होतं, पण गाडी उभी केली की बंद करतात, त्यात बघायचं काय, म्हणून लिहिलं नव्हतं.

त्याने बटण दाबलं. दोर जमिनीवरून उठला, सरळ झाला, आणि गाऊ लागला.

गाऊ लागला असंच म्हणावं लागेल. आधी घोगरा, जमिनीतून आल्यासारखा स्वर, तळपायांना जाणवणारा. ताण वाढला तसा तो वर चढत गेला, बारीक झाला, आणि एका उंचीवर जाऊन स्थिर राहिला. सिमेंटने भरलेलं चार टनांचं धूड त्या करंगळीएवढ्या जाडीच्या दोराला लटकून चढावर येत होतं. नवरा मान किंचित कलती करून, डोळे अर्धवट मिटून ऐकत होता. ठमी झोपली की तिचा श्वास ऐकायला मी अशीच उभी राहते. हा असा उभा राहतो हे मला लग्नाला तीन वर्षं होऊनही माहीत नव्हतं. मध्येच त्याने बोट उचललं, विंच थांबवलं, खाली जाऊन दोराखाली एक फळी सरकवली, परत आला. मला काहीच वेगळं ऐकू आलं नव्हतं.

माझ्या हातात दोनशे तीन होते. दुसऱ्या मीटरवरचा दाब बारावरून अकरा, अकरावरून दहा, दहाच्या खाली. मी मान वर केली. टपावरचे दिवे तांबडे झाले होते. फिरायचे जवळजवळ थांबले होते. मागून एक बस वळणावर आली ती आम्हाला फार उशिरा पाहिल्यासारखी, आणि नवऱ्याच्या पाठीपासून एका हाताच्या अंतरावरून गेली. त्याचा शर्ट वाऱ्याने फुगला. त्याने वळूनही पाहिलं नाही. तो ऐकत होता.

टेम्पो वर आला. मी कठडा धरून उभी होते. मला एकाच वेळी त्याच्या पाया पडावंसं आणि त्याला बडवावंसं वाटत होतं.

गाडीत बसल्यावर विचारलं, इंजिन का बंद करतोस.

"बाबांनी शिकवलंय. दोर बोलतो. इंजिनच्या आवाजात ऐकू येत नाही."

घरी आलो तेव्हा ठमी आजोबांच्या पोटावर झोपली होती आणि आजोबा हलायची सोय नसल्यामुळे तीन तास त्याच खुर्चीत होते. मी त्यांना दोराचं विचारलं. त्यांनी हळू आवाजात सांगितलं. तरुणपणी एकदा ओढताना त्यांना दोराच्या आत टिक असा आवाज आला, घड्याळाच्या काट्याएवढा. आतली एक तार तुटली होती. ते आडवे झाले. दुसऱ्या क्षणाला दोर सुटला आणि त्यांची छाती जिथे होती तिथून जाऊन मागचा पाटीचा खांब कापून गेला. गवत कापावं तसा. तेव्हापासून गाडी लावली की इंजिन बंद, आणि मुलाला शिकवलं तेही तसंच.

"पण बाबा, तेव्हा तुमच्याकडे हाताने फिरवायचं विंच होतं ना?"

त्यांनी मान डोलावली. त्या विंचला लागायचं ते माणसाचं बळ. इंजिन बंद ठेवल्याने कोणाचंच काही जात नव्हतं. मग विजेचं विंच आलं, ते बॅटरीतून दोनशेच्या हिशेबाने ओढू लागलं, दिवे वाढले, आणि रीत तीच राहिली. अर्धा-पाऊण तास दिवे जळायचे, पाच मिनिटं विंच चालायचं, आणि एवढा सगळा वेळ अल्टरनेटर गप्प. चूक कोणाची म्हणावी? ज्या सवयीने एकाचा जीव वाचवला होता तीच दुसऱ्याचे दिवे विझवत होती.

सासऱ्यांनी ठमीच्या पाठीवरचा हात काढला नाही. "एवढी साधी गोष्ट," ते म्हणाले.

मी नवऱ्याला म्हटलं, मग इंजिन चालू ठेवून ओढ.

"ते होणार नाही," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता. "दिवे गेले तर कदाचित कोणी ठोकेल. दोर ऐकला नाही तर एक दिवस नक्की."

तो चुकत नव्हता. मी तो स्वर ऐकला होता.

शनिवारी दुपारी मी ठमीच्या तक्त्याची मागची बाजू घेतली आणि दोन रकाने पाडले. एका कामाला दिव्यांचं आणि विंचचं मिळून सत्तावीस अँपिअर-तास बाहेर. परतीच्या पंचवीस मिनिटांत आत सोळा-सतरा. म्हणजे दर कामाला दहाची तूट, आणि चौथ्या कामाला बॅटरी तळाला. कोडं सुटलं. मग एकशेतीसचा अल्टरनेटर घालून पाहिला. परतीच्या वाटेवर जास्त देईल, हे खरं. पण ज्या पाच मिनिटांत दोर ताणलेला असतो आणि माझा नवरा पाठमोरा ऐकत असतो, त्या पाच मिनिटांत इंजिन बंदच असणार. तेव्हा पासष्टचा काय आणि एकशेतीसचा काय, दोघेही झोपलेले.

चारला काका आले. चहा झाला. मी माझं म्हणणं सांगितलं. ओढायची पाच मिनिटं सोडून बाकी सगळा वेळ इंजिन चालू ठेवायचं. नुसतं उभ्या उभ्या फिरतानाही अल्टरनेटर पस्तीस देतो, दिवे अठरा खातात, उरलेलं आत जातं. मग परतीच्या वाटेवर तूट भरून निघते. आणि टपावरच्या दिव्यांना वेगळी, त्यांची स्वतःची बॅटरी. भरताना दोन्ही जोडलेल्या, वापरताना तोडलेल्या. विंचने कितीही ओढलं तरी दिव्यांच्या ताटातलं त्याला घेता येणार नाही. अल्टरनेटर आहे तोच.

काकांनी कागद दोनदा वाचला. म्हणाले, हिशेब बरोबर आहे. बॅटरी म्हणजे घागर नव्हे, ओतलं की भरली असं होत नाही, ती आपल्या गतीने पिते. पंचवीस मिनिटांत मोठ्या अल्टरनेटरचं अर्धं वायाच जाईल. नाकापेक्षा मोती जड. पण मग त्यांनी कागद खाली ठेवला.

"पोरी, मी चाळीस वर्षं हे करतोय. शंका आली की मोठा लावतो आणि रात्री झोपतो. तू सांगतेस तसं केलं आणि कुठे चुकलं, तर ते बोगद्यात चुकेल. मी काय करू, तूच सांग."

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो सासऱ्यांकडे बघत होता. सासरे म्हणाले, "तिने पाहिलंय. आपण तिघं नुसते वापरत होतो."

आयुष्यात पहिल्यांदा माझ्या काळजीला कोणी हसत नव्हतं, आणि ते हसण्यापेक्षा भयंकर होतं. कागदावरचे आकडे मी पुन्हा एकदा वरून खाली वाचले. शेवटी मी म्हटलं, "अल्टरनेटर नको. दुसरी बॅटरी बसवा. आणि उद्या पाच कामं होऊ देत, मग बघू."

रविवारी सकाळी काकांनी बॅटरी बसवली. त्या दिवशी पाच नाही, सहा कामं आली. नवऱ्याने एकदा सवयीने आल्या आल्या किल्ली फिरवली आणि स्वतःच्याच हातावर चापट मारली, असं त्याने आल्यावर सांगितलं. गाडी आत शिरली तेव्हा आम्ही सगळे खिडकीत होतो, काकासुद्धा. टप पिवळाधमक होता. काकांनी खाली जाऊन दिव्यांच्या बॅटरीचा दाब मोजला, बोटांनी बारा आणि वर सहा दाखवले, म्हणजे बॅटरी भरलेली, आणि स्कूटर सुरू करून निघून गेले.

सोमवारी मी आईकडे जायला निघाले. आई बोगद्याच्या पलीकडे राहते. काही काम होतं का, तर नव्हतं. ठमीला झोळीत बांधलं आणि दहाच्या बसमध्ये खिडकीशी बसले. बोगद्याच्या तोंडाशी आमची गाडी उभी असलेली दिसेल, हात हलवीन, एवढाच विचार होता. गाडी तिथे नव्हती.

बस आत शिरली. बोगदा मध्यावर वळतो. वळण यायच्या कितीतरी आधी ड्रायव्हरने वेग कमी केला. मला आधी कळेना का, मग दिसलं. समोरच्या भिंतीवरून पिवळा उजेड फिरत होता. दिवे अजून वळणाआड होते, पण त्यांचा उजेड भिंतीवरून, छतावरून, पुढच्या वाहनांच्या टपांवरून येऊन आमच्या चेहऱ्यांवरून जात होता आणि परत येत होता, एका लयीत, न थकता. बसमधलं बोलणं आपोआप कमी झालं. पुढची सगळी रांग, ट्रक, मोटारी, दुचाक्या, कोणी न सांगता एका बाजूला कलत होती.

वळण घेतलं आणि तो दिसला. एक मोठा मालट्रक भिंतीला तिरपा अडकला होता. दोर ताणलेला, इतका सरळ की पट्टीने आखल्यासारखा. नवरा आमच्याकडे पाठ करून उभा, मान कलती, एक बोट हवेत. आमच्या गाडीचा धूर येत नव्हता, म्हणजे इंजिन बंद होतं. म्हणजे ती पाच मिनिटं हीच होती. दिवे पूर्ण तेजाने फिरत होते.

शेजारच्या बाईंनी विचारलं, काय झालंय हो. मी म्हटलं, ओढून काढतायत. त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं आणि मग ठमीच्या पायावर हात ठेवला.

काच बंद होती, बसचं इंजिन घुमत होतं. मला दोर ऐकू येणं शक्य नव्हतं. ड्रायव्हर माणूस चालेल इतक्या हळू, भिंतीला जवळजवळ आरसा घासत, त्याच्यापासून पुरती पाच हात लांबून बस नेत होता. आमच्या मागच्यानेही तसंच केलं, त्याच्या मागच्यानेही. मी मान वळवून दिसेपर्यंत पाहत होते. शेकडो टन लोखंड त्या एका पाठीभोवती हळूहळू वळसा घालून जात होतं, आणि त्याला ते माहीतही नव्हतं. तो ऐकत होता.